आत्महत्येनंतर मागे राहणाऱ्यांचे काय?

वसई, प्रतिनिधी - घरातील व्यक्तीने आत्महत्या केल्यावर कुटुंबाला मोकळेपणाने रडण्याचीही उसंत मिळत नाही. आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन आणि जबाब या सोपस्कारांतच पहिले दिवस सरतात. 'असे का केले?' या प्रश्नाचे उत्तर देणारी व्यक्ती उरलेली नसल्याने ते उत्तर एकमेकांच्या वागण्यात शोधले जाते. सासर-माहेर परस्परांना दोष देतात, भावंडांत अबोला येतो आणि मुलांपासून खरे कारण लपवले जाते.

वसई-विरारमध्ये पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या अनेकांचे आप्त दूर गावी असतात. तेराव्यानंतर ते परततात. घरातील कर्त्यांना मात्र पुन्हा लोकल गाठावी लागते. खरा एकाकीपणा तेथून सुरू होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली. ही संख्या देशात सर्वाधिक होती. या प्रत्येक आकड्यामागे एक होरपळलेले घर आहे.

अशा आघातानंतर काहींना स्वतःतील बळ नव्याने उमगते, मोजकी नाती अधिक घट्ट होतात, आयुष्यातील अग्रक्रम बदलतात. रिचर्ड टेडेस्ची व लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात याला 'आघातोत्तर वाढ' म्हटले. दुःख आणि ही वाढ बरोबरच नांदतात. ती प्रत्येकात दिसेलच असे नाही आणि तिची सक्ती तर कोणावरच करू नये.

यवतमाळ जिल्ह्यातील वैशाली येडे यांच्या शेतकरी पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली. पुढे त्यांनी 'तेरवं' या नाटकात भूमिका केली आणि जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. ज्या दुःखाबद्दल गप्प राहण्याची अपेक्षा असते, ते त्यांनी व्यासपीठावरून मांडले.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बरेच करता येते. कारणांची चौकशी टाळावी, गेलेल्या व्यक्तीचे नाव सहजपणे घ्यावे, कागदपत्रांच्या कामी सोबत जावे आणि महिन्याभरानंतरही दार वाजवावे. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे. बाहेरून कळलेले सत्य घरावरचा विश्वास उडवते.

मागे राहिलेल्यांच्या मनातही जीव देण्याचे विचार येऊ शकतात. अशा वेळी 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. तो दूरध्वनी करणे हा दुबळेपणा नव्हे.