वॉरंटीत बदलून मिळालेला टॅब नवा असतो की दुरुस्त केलेला जुना?

समजा, मुलीने नीटच्या तयारीसाठी क्लास लावला. घरच्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या कॅनॉट प्लेसमधल्या दुकानातून २८ हजारांचा नवाकोरा टॅब घेऊन दिला. पाचव्या महिन्यात स्क्रीनवर रेघा यायला लागल्या आणि एके दिवशी टॅब सुरूच होईना. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "बोर्ड गेलाय, दुरुस्त होणार नाही. वॉरंटीत आहे, बदलून देऊ."

घरच्यांना हायसं वाटलं. आठ दिवसांनी टॅब मिळाला, पण साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्यावर ना चित्र, ना किंमत, ना सील. आत चार्जरही नाही. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "आपण नवा टॅब घेतला होता. हा नवाच आहे ना?"

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वॉरंटीच्या कागदात एक मिळतं आणि कायद्याच्या पुस्तकात दुसरं. दोन्ही समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर काय?

बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींमध्ये बदली टॅब नवाच मिळेल असं आश्वासन नसतं. तो नवा असू शकतो किंवा रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून, तपासून पुन्हा वापरात आणलेला असू शकतो. पण प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि मालात दोष असल्याचं सिद्ध झालं, तर आयोग 'नवीन' वस्तू देण्याचा आदेश देऊ शकतो. शिवाय दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे.

रिफर्बिश्ड म्हणजे सेकंडहँड का?

अगदी तसं नाही. सेकंडहँड टॅब म्हणजे एकाने वापरला आणि आहे तसा दुसऱ्याला विकला. रिफर्बिश्डमध्ये मध्ये एक टप्पा असतो. ग्राहकांनी परत केलेले, वाहतुकीत खोके फुटलेले किंवा दोष निघालेले टॅब कंपनीकडे जमा होतात. तिथे बिघडलेला भाग बदलतात. अनेकदा बॅटरी आणि बाहेरचं आवरणही नवं बसवतात. मग स्क्रीन, कॅमेरा, चार्जिंग, वाय-फाय तपासून तो टॅब पुन्हा साठ्यात जातो.

हे काम नीट झालं असेल, तर रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. अडचण अशी, की काम किती नीट झालंय हे ग्राहकाला बाहेरून दिसत नाही. आत नवी बॅटरी आहे की आधीच्या मालकाने दोनशे वेळा चार्ज केलेली, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

टॅब दुरुस्त न करता थेट बदलून का देतात?

टॅब उघडणं हे किचकट काम आहे. अनेक मॉडेलमध्ये काच, स्क्रीन आणि बॅटरी गोंदाने घट्ट चिकटवलेली असते. उघडताना स्क्रीन तडकण्याची भीती असते. मेमरी आणि स्टोरेज मुख्य बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं. म्हणजे बोर्ड गेला की टॅबमधला सगळ्यात महाग भाग गेला. अशा वेळी शहरातल्या सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीच्या भानगडीत न पडता अख्खा टॅब बदलून देणं कंपनीला सोपं पडतं.

त्यासाठी कंपन्या दुकानातल्या मालापासून वेगळा 'सर्व्हिसचा साठा' ठेवतात. साधं खोकं आणि चार्जर नसणं यामागे हेच कारण असतं. त्यामुळे साधं खोकं म्हणजे जुनाच टॅब, असं समजू नका. या साठ्यात नवे टॅबही असतात आणि रिफर्बिश्डही. आणि तुमचा बिघडलेला टॅब? तो कंपनीच्या मालकीचा होतो आणि दुरुस्त होऊन उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाऊ शकतो.

वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलेलं असतं?

आपल्याकडे वॉरंटी कार्ड कुणी वाचत नाही. दुकानदाराचा शिक्का घेऊन ते ड्रॉवरमध्ये जातं. पण खरी गोष्ट त्यातच असते.

अ‍ॅपलच्या एक वर्षाच्या मर्यादित वॉरंटीत कंपनी तीन पर्याय स्वतःकडे ठेवते: नव्या किंवा आधी वापरलेल्या पण तपासलेल्या भागांनी दुरुस्ती, अशाच भागांपासून बनलेलं दुसरं यंत्र, किंवा पैसे परत. लेनोवोच्या वॉरंटीत म्हटलंय, की बदली वस्तू नवी नसू शकते, पण ती चालू स्थितीत आणि मूळ वस्तूइतकीच काम करणारी असेल. अ‍ॅमेझॉनच्या किंडलच्या वॉरंटीतही नवं किंवा रिफर्बिश्ड यंत्र देण्याची मुभा कंपनीने ठेवली आहे.

म्हणजे यातलं काहीच लपवलेलं नाही. फक्त ते बारीक अक्षरात आहे.

आणखी एक अट पाहून ठेवा. बदली टॅबला सहसा नव्याने एक वर्षाची वॉरंटी मिळत नाही. जुन्या टॅबची उरलेली मुदतच पुढे चालते. अ‍ॅपलच्या अटींनुसार उरलेली मुदत किंवा बदलून दिल्यापासून ९० दिवस, यात जे जास्त असेल ते मिळतं. म्हणजे अकराव्या महिन्यात टॅब बदलला, तर एक महिना नाही, ९० दिवस. इतर कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून ते विचारून घ्या.

मग भारताचा कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. या विषयात त्यातल्या दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

पहिली आहे कलम ३९. वस्तूत दोष असल्याची आयोगाची खात्री झाली, तर तो दोष दूर करायला सांगू शकतो, किंमत परत करायला सांगू शकतो, किंवा त्याच प्रकारची नवीन आणि दोषमुक्त वस्तू द्यायला सांगू शकतो. इथे 'नवीन' हा शब्द कायद्यातच आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही तो होता.

याचा अर्थ सर्व्हिस सेंटरने काउंटरवरच सीलबंद टॅब काढून द्यावा, असा मात्र होत नाही. हा अधिकार आयोगाचा आहे आणि तो दोष सिद्ध झाल्यावर वापरला जातो. तिन्हींपैकी कोणता आदेश द्यायचा, हेही आयोग ठरवतो.

दुसरी आहे कलम २(४७), म्हणजे 'अनुचित व्यापार प्रथा'ची व्याख्या. पुन्हा बांधलेली, वापरलेली, नूतनीकरण केलेली किंवा जुनी वस्तू नवी असल्याचं खोटं भासवणं यात मोडतं. म्हणजे "हा रिफर्बिश्ड आहे" असं सांगून दिला, तर तो वॉरंटीच्या अटींचा प्रश्न. पण "एकदम नवा पीस आहे" असं सांगून दुरुस्त केलेला टॅब दिला, तर तो थेट कायद्याचा प्रश्न होतो. म्हणूनच सर्व्हिस सेंटर काय सांगतं, ते लेखी असणं इतकं मोलाचं आहे.

अन्यायकारक, एकतर्फी करारांबाबतही या कायद्यात तरतूद आहे, पण तशा तक्रारी राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे कराव्या लागतात. २८ हजारांच्या टॅबसाठी पहिल्या दोन तरतुदीच जास्त उपयोगाच्या.

परदेशात यावर वाद झाले का?

झाले, आणि चांगलेच गाजले. एप्रिल २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयासमोर आयपॅड एअर २ चं प्रकरण होतं. ग्राहकाने नवा आयपॅड घेतला असेल तर बदलीही नवीच मिळायला हवी, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये डेन्मार्कच्या एका न्यायालयानेही आयफोन ४ च्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला होता.

अमेरिकेत २०१६ मध्ये अ‍ॅपलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. बदली दिलेले रिफर्बिश्ड आयफोन आणि आयपॅड कामगिरीत नव्याच्या तोडीचे नसतात, असा आरोप होता. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण ९.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

हे निकाल आपल्याकडे लागू होत नाहीत. पण 'नव्याइतकंच चांगलं' आणि 'नवं' या दोन गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलेला नाही, हे त्यातून कळतं.

हातात आलेला टॅब नवा आहे का, कसं ओळखायचं?

शंभर टक्के खात्री घरी बसून होत नाही, पण काही खुणा नक्की तपासता येतात.

१. सिरीयल नंबर: टॅबच्या सेटिंगमधला, मागच्या बाजूचा आणि जॉब शीटवरचा नंबर एकच आहे का बघा. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत दाखवते, तेही बघा.

२. आयएमईआय: सिमकार्डचा टॅब असेल तर हा १५ अंकी नंबर असतो. संचार साथी पोर्टलवर तो टाकला की यंत्राचा ब्रँड आणि मॉडेल कळतं. नंबर काळ्या यादीत असेल तर तेही कळतं.

३. आयपॅडचा मॉडेल नंबर: तो 'एम' अक्षराने सुरू होत असेल तर सहसा दुकानातला नवा माल, 'एफ' असेल तर कंपनीने रिफर्बिश्ड म्हणून विकलेला, आणि 'एन' असेल तर सर्व्हिसमध्ये बदलून दिलेला. मात्र 'एन'वरून तो टॅब नवा की दुरुस्त केलेला, हे कळत नाही.

४. बॅटरी: २०२४ पासूनच्या आयपॅड प्रो आणि आयपॅड एअरमध्ये बॅटरी किती वेळा चार्ज झाली आणि पहिल्यांदा कधी वापरली, हे सेटिंगमध्येच दिसतं. काही अँड्रॉइड टॅबमध्ये कंपनीच्या तपासणी अ‍ॅपमधून बॅटरीची स्थिती बघता येते.

५. डोळ्यांनी तपासणी: चार्जिंगच्या खाचेत ओरखडे, कडेला गोंदाचे डाग, स्क्रीन आणि फ्रेममध्ये फट, स्पीकरच्या जाळीत धूळ. काउंटरवरच बघा, घरी आल्यावर नाही.

टॅब जमा करण्याआधी काय करायचं?

पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे पाच महिने वाचू शकतात.

- टॅब सुरू होत असेल तर नोट्स, फोटो, क्लासचे व्हिडिओ यांचा बॅकअप घ्या. जुना टॅब परत मिळणार नाही.
- गूगल किंवा अ‍ॅपलचं खातं त्यातून काढा. खातं लॉक असेल तर बदली अडते.
- दोष दिसत असताना व्हिडिओ काढून ठेवा.
- जॉब शीटवर बिघाडाचं नेमकं वर्णन लिहून घ्या. "चेक करणे" एवढ्यावर सही करू नका. "सुरू होत नाही, स्क्रीनवर रेघा" असं स्पष्ट हवं.
- ईमेल किंवा चॅटवर तीन प्रश्न विचारा: बदली टॅब नवा असेल की रिफर्बिश्ड? बॅटरी नवी असेल का? वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत राहील?
- टॅब घेऊन आठ-दहा दिवसच झाले असतील तर आधी विक्रेत्याकडे जा. अनेक ऑनलाइन विक्रेते सुरुवातीचे ७ किंवा १० दिवस सदोष वस्तू स्वतः बदलून देतात. ती बदली दुकानाच्या साठ्यातून होते, म्हणून सीलबंद टॅब मिळण्याची शक्यता जास्त.

बदली टॅबही बिघडला तर?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. अनेक तक्रारी या टप्प्यावरच मिटतात.

नाही मिटली, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे टॅब ऑनलाइन मागवलेला असो आणि कंपनीचं ऑफिस बंगळूर किंवा गुरुग्रामला असो, संभाजीनगरचा ग्राहक संभाजीनगरातच तक्रार करू शकतो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते. मुदत आहे दोन वर्षांची.

टॅब पुण्याच्या मामांनी घेऊन दिला असेल तरी काळजी नको. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो. फक्त बिल जपून ठेवा. मामांकडून त्याचा फोटो आजच मागवून घ्या.

मग रिफर्बिश्ड टॅब नाकारायचा का?

दरवेळी नाही. भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यातही वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याला जागा दिली आहे. चांगला चालू शकणारा टॅब भंगारात जाण्यापेक्षा दुरुस्त होऊन कुणाच्या तरी अभ्यासाला लागला, तर ते चांगलंच. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर नव्यासाठी भांडत बसण्यापेक्षा आज मिळणारा चालू टॅब घेणं शहाणपणाचं ठरू शकतं.

पण हा निर्णय माहिती हातात असताना ग्राहकाने घ्यायचा असतो. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सही करण्याआधी एवढंच विचारा, "हा नवा आहे की रिफर्बिश्ड, ते लिहून देता का?"