वऱ्हाडच्या इमादशाही घराण्याचे विवाहसंबंध

राजघराण्यांतील विवाह हा दोन व्यक्तींपेक्षा दोन दौलतींमधील करार असे. इटलीतील ड्यूक घराण्यांचा इतिहास याची साक्ष देतो. १४९० साली फेर्राराच्या एस्ते घराण्यातील इझाबेला मांतुआच्या गोंझागा घराण्यात दिली गेली. व्हेनिस आणि मिलान यांसारख्या प्रबळ सत्तांच्या शेजारी नांदणाऱ्या या लहान राज्यांना सोयरिकीचा आधार हवा होता. त्याच वर्षी फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन एलिचपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील आजचे अचलपूर, येथे स्वतंत्र राज्य स्थापन केले.

‘इमाद’ या अरबी शब्दाचा अर्थ आधारस्तंभ. ‘राज्याचा आधारस्तंभ’ ही वास्तविक सेवकाची पदवी. पुढे तीच राजवंशाचे नाव झाली. फत्तेउल्ला जन्माने कानडी ब्राह्मण असून विजयनगरच्या युद्धात बंदी होऊन बहमनी राज्यात आला, असे फिरिश्ता सांगतो. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुषही ब्राह्मण कुळातूनच धर्मांतरित झालेला होता. अशा नव्या घराण्यांना पिढीजात राजकुळांचा गोतावळा नव्हता. तो त्यांना विवाहांतून निर्माण करावा लागला.

वऱ्हाडला उत्तरेस गाविलगड व नरनाळा या दुर्गांचे संरक्षण होते. दक्षिणेकडील पाथरी व माहूर हे प्रदेश मात्र उघडे होते. १५१८ साली बुऱ्हाण निजामशहाने पाथरी घेतली. अल्लाउद्दीन इमादशहाने खानदेश व गुजरात यांचे साहाय्य मागितले. गुजरातचा बहादूरशहा आला खरा, परंतु रक्षकच धनी होऊ पाहतो, हा अनुभव वऱ्हाडच्या पदरी पडला. १५२८ साली अल्लाउद्दीनने विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण खदीजा हिच्याशी विवाह केला. यामुळे दक्षिणेत एक सोयरा लाभला. पाथरी मात्र अहमदनगरकडेच राहिली.

त्याचा पुत्र दर्या इमादशहा याने हेच धोरण दुहेरी केले. आपली बहीण त्याने इब्राहिम आदिलशहास दिली, तर कन्या दौलतशहा ही हुसेन निजामशहास. दुसरा विवाह गोदावरीकाठी सोनपेठ येथे झाला. परस्परांशी झगडणाऱ्या दोन्ही शेजाऱ्यांशी नाते जोडून मधले राज्य सुरक्षित ठेवावे, असाच या विवाहांचा राजकीय अर्थ दिसतो.

हा तोल राखण्यास स्वतः सोयरिकी जुळविणारा कर्ता पुरुष आवश्यक होता. १५६२ साली दर्या मरण पावला. वारस बुऱ्हाण हा अल्पवयी होता आणि सत्ता तुफालखानाच्या हाती गेली. पुढे विजयनगरविरुद्ध संघ जुळला, तोही विवाहांनीच: हुसेनची कन्या चांदबीबी अली आदिलशहास दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूर, अलीची बहीण हुसेनचा पुत्र मुर्तजा यास. १५६५ च्या राक्षसतागडीच्या युद्धातील या संघात वऱ्हाड नव्हते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १५७४ साली, याच मुर्तजाने वऱ्हाड जिंकले. तुफालखानाने बुऱ्हाणास अकोला जिल्ह्यातील नरनाळ्यावर कैदेत ठेवले होते. गड पडल्यावर दोघेही निजामशाहीचे बंदी झाले आणि बंदिवासातच मेले. ज्या घरात वऱ्हाडची कन्या राणी म्हणून गेली, त्याच घराने तिचे माहेर बुडविले.

यावरून विवाह निष्फळ होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. वऱ्हाडने चौऱ्याऐंशी वर्षे स्वतंत्र अस्तित्व राखले, त्यात या संबंधांचाही वाटा होता. मात्र सोयरीक ही तहावरची मोहोर होती, खुद्द तह नव्हे. दोन्ही पक्षांचे हित जुळते तोवरच तिला वजन असे. एस्ते घराण्याचीही गत निराळी झाली नाही. औरस वारस न उरल्याने १५९८ साली पोपने फेर्रारा ताब्यात घेतले. शतकभर जोडलेल्या सोयरिकी त्या वेळी कामी आल्या नाहीत.