मुलांच्या ताब्याच्या वादातील समुपदेशन (महाराष्ट्र)

मुलांच्या ताब्याच्या वादातील समुपदेशन ही विभक्त होणाऱ्या पती-पत्नींना अल्पवयीन मुलांचे वास्तव्य, संगोपन, खर्च व भेटी यांविषयी सहमतीने निर्णय घेता यावा, यासाठी न्यायालयामार्फत पुरविली जाणारी सेवा आहे. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने कुटुंब न्यायालयांतील विवाह समुपदेशकांमार्फत दिली जाते. वैवाहिक नाते संपुष्टात आले तरी पालकत्व संपत नाही, हे तिचे मूलतत्त्व आहे.

कायदेशीर आधार

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत कुटुंब न्यायालय स्थापन करण्याची तरतूद आहे. कलम ९ अन्वये शक्य तेथे प्रथम तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरते, तर कलम ६ मध्ये समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ हे ताब्याविषयीचे प्रमुख कायदे आहेत. १९५६ च्या अधिनियमानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. मात्र मुलाचे हित हाच सर्वोच्च निकष मानला जातो.

१८९० च्या अधिनियमाखालील अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. त्यामुळे प्रताप नगरसारख्या नागपूर शहरातील वस्तीत राहणाऱ्या मुलाविषयीचा अर्ज नागपूरच्या कुटुंब न्यायालयात दाखल होतो. त्याच्या निर्णयाविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालते.

कार्यपद्धती

समुपदेशक सामान्यतः दोन्ही पालकांशी प्रथम स्वतंत्रपणे व नंतर एकत्र बोलतात. आवश्यकतेनुसार मुलाशीही वेगळा संवाद साधला जातो. तीव्र संघर्षाच्या प्रकरणांत मुलामार्फत निरोप पाठविणे, मुलासमोर दुसऱ्या पालकाची निंदा करणे, ठरलेली भेट ऐनवेळी नाकारणे असे प्रकार आढळतात. अशा वेळी पती-पत्नींमधील तक्रारी बाजूला ठेवून मुलाच्या दैनंदिन प्रश्नांवर चर्चा केंद्रित केली जाते. शाळेचा खर्च, आजारपणातील निर्णय, दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्ट्या, आजी-आजोबांच्या भेटी, दूरध्वनीवरील संभाषण आणि मूल सोपविण्याचे ठिकाण व वेळ यांचा तपशील जितका स्पष्ट, तितके पुढील वाद कमी होतात. सहमतीच्या अटी लेखी स्वरूपात न्यायालयापुढे ठेवल्या जातात.

महाराष्ट्रातील नियमांनुसार समुपदेशकांना मूल राहत असलेल्या घरी भेट देता येते व ताब्याच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवता येते. पालकांमध्ये विश्वास उरला नसेल, तर न्यायालयाच्या आवारातील बालकक्षात भेटी ठरविल्या जातात. ताब्याचे आदेश कायमस्वरूपी अंतिम नसतात. मुलाचे वय व परिस्थिती बदलल्यास त्यांत फेरबदल करता येतो.

गोपनीयता

पक्षकारांनी समुपदेशकाला सांगितलेल्या गोष्टी गोपनीय मानल्या जातात. आपले बोलणे पुढे पुरावा म्हणून वापरले जाईल अशी भीती असल्यास पालक मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, हे त्यामागील कारण आहे. तथापि पेरी कंसाग्रा विरुद्ध स्मृती मदन कंसाग्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ताब्याच्या वादांपुरता अपवाद मान्य केला. मुलाची मानसिक स्थिती व हित समजून घेण्यासाठी समुपदेशकाचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकते, असे त्यात ठरले.

मुलाचे मत

मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मोठे असल्यास न्यायालय त्याचे मत विचारात घेऊ शकते, अशी तरतूद १८९० च्या अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आहे. मात्र दीर्घकाळ एकाच पालकाजवळ राहिलेल्या मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी दुरावा निर्माण केला गेलेला असू शकतो. विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या धोक्याची दखल घेतली. दुसरीकडे, मुलाची भीती प्रत्यक्ष अनुभवातूनही आलेली असू शकते. या दोहोंतील फरक ओळखणे हे समुपदेशकाचे सर्वांत कठीण काम असते.

मर्यादा

समुपदेशक निर्णय लादू शकत नाहीत. सहमती न झाल्यास निकाल न्यायाधीशच देतात. कौटुंबिक हिंसाचार घडलेल्या प्रकरणांत संयुक्त बैठका पीडित व्यक्तीवर दबाव आणणाऱ्या ठरू शकतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार, भेट मुलाच्या हितास बाधक वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात. त्यामुळे तडजोडीपूर्वी सुरक्षिततेची खातरजमा करणे आवश्यक ठरते.

काही देशांत पालकांसाठी प्रशिक्षणवर्गही सक्तीचे आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अल्पवयीन मुले असलेल्या घटस्फोटेच्छू पालकांना किमान चार तासांचा वर्ग पूर्ण करावा लागतो. भारतात विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद आणि ताब्याच्या वादांत मध्यस्थीचा अवलंब यांची शिफारस केली.