खाट आहे, भूलतज्ज्ञ नाही: बारामती-इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात कपात कशी होते

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलणं थोडं आवरून लिहिलंय, बाकी तेच आहे.

सरकारी दवाखान्याच्या पैशाला कात्री लागली म्हटलं की आपल्याला वाटतं, मंत्रालयात कुणीतरी दवाखाना बंद करायच्या फाइलवर सही केली. तसं होत नाही. दवाखाना उघडाच असतो. केसपेपर निघतो, सर्दी-तापाच्या गोळ्या मिळतात. फक्त रात्री अकराला कळा सुरू झालेली बाई आली आणि सिझर करावं लागेल असं दिसलं, की उत्तर येतं, "पुढं न्या." बारामतीपासून ससून शंभरेक किलोमीटर. इंदापूरहून निघालात तर आणखी चाळीसेक. ही कपातच आहे, फक्त तिचा शासन निर्णय कधी निघत नाही.

आता हे होतं कसं ते बघू. सरकारी भाषेत पदं तीन प्रकारची असतात: मंजूर, भरलेली आणि रिक्त. दवाखान्याच्या खर्चात पगाराचा वाटा सगळ्यात मोठा. पद रिक्त ठेवलं की पगार वाचतो, आणि कुणाला काढलं असंही होत नाही. ४ मे २०२० ला, कोरोनात, वित्त विभागाने विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नव्या भरतीवर बंदी घातली. त्यातून आरोग्य खात्याला सूट होती बरं का! म्हणजे कागदावर आरोग्यात कपात नाहीच. पण पुढं काय झालं? २०२१ मध्ये गट क आणि गट ड ची परीक्षा झाली, पेपर फुटला, आरोग्य खात्यातलेच अधिकारी अटकेत गेले, परीक्षा रद्द. त्यानंतर १०,९४९ पदांची जाहिरात आली ती थेट ऑगस्ट २०२३ मध्ये. एवढा काळ ही पदं मंजूर होती, पण त्यांवर माणूस नव्हता.

त्याच महिन्यात, १५ ऑगस्टपासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच. पण फी गेली की गर्दी वाढणार आणि टेबलामागची माणसं तेवढीच राहणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शिवाय मंजूर पदं ठरतात लोकसंख्येवरून. मैदानी भागात ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा हिशोब. शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा दोन्ही तालुके मिळून आठ लाखांच्या आसपास होते. २०२१ ची झालीच नाही. आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने पेटले की बीडकडून जे ऊसतोड मजूर येतात, गरोदर बायका आणि लहान पोरांसकट, ते इथल्या कुठल्या हिशोबात धरायचे?

बारामतीत गंमत वेगळीच आहे. इथं दवाखान्यांचे मालक तीन. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, ते बसतात औंधला. आणि २०१९ ला सुरू झालेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथं अधिष्ठाता. मोफत उपचारांचा तो निर्णय मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांना लागू नव्हता, कारण खातं वेगळं. पेशंटला हे कसं कळणार? इंदापूरकरांकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेज नाही. राज्याचं अर्थखातं कित्येक वर्षं बारामतीच्याच आमदारांकडे होतं, त्यामुळं इमारतींची ददात इथं कमी. पण इमारतीचा खर्च एकदाच होतो आणि तिचं उद्घाटन करता येतं. भूलतज्ज्ञाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि त्याची फीत कुणी कापत नाही.

भूलतज्ज्ञाचं नाव परत परत घेतोय, त्याला कारण आहे. सिझर करायला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळाला बघायला बालरोगतज्ज्ञ, आणि रक्त साठवायची सोय, एवढं एका वेळी एका जागी लागतं. चारातलं एक नसलं तर उरलेले तीन बसून राहतात. म्हणून "पंचाहत्तर टक्के पदं भरली" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्या पंचाहत्तर टक्क्यांत रात्रीचं सिझर होईलच असं नाही.

मग अधिकारी काय करतात? पहिला उपाय प्रतिनियुक्ती, म्हणजे या केंद्राचा डॉक्टर त्या केंद्रावर. आरोग्य केंद्राला दोन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. एक गेला की उरलेल्याने ओपीडी, बाळंतपण, शवविच्छेदन आणि मीटिंगा सगळं उरकायचं. दुसरा, कंत्राटी भरती. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कर्मचारी वर्षानुवर्षं याच पद्धतीवर आहेत. १४ मार्च २०२४ ला १० वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घ्यायचा शासन निर्णय निघाला, तरी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना संपावर जावंच लागलं. तिसरा, खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे पैसे देऊन बोलावणं. दिवसा हे जमतं. रात्री दोनला तो फोन उचलेल का, हा वेगळा प्रश्न.

आणि काहीच जमलं नाही तर १०८. ही सेवा २०१४ ला ९३७ गाड्यांवर सुरू झाली. पण गाडी ससूनला गेली की परत येईपर्यंत इथला तेवढा भाग उघडा. शिवाय सगळ्यांनी पुढं पाठवलं की शेवटच्या दवाखान्याचं काय होतं, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडला दिसलं. एका दिवसात २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडं मंजूर आणि रिक्त पदांचा हिशोब मागितला.

माझं मत विचाराल तर, माणसं कमी असताना प्रत्येक रुग्णालयात एकेक तज्ज्ञ पेरून ठेवणं सगळ्यात वाईट. त्यापेक्षा एका ठिकाणी चारही गोष्टी चोवीस तास पक्क्या ठेवा, ते सगळ्या गावांना माहीत करून द्या, आणि गाड्या त्या हिशोबाने उभ्या करा. आरोग्य केंद्रातलं लसीकरण, बीपी-शुगरच्या गोळ्या, साधी बाळंतपणं याला मात्र हात लावू नका. यात इंदापूरवर अन्याय होईल हे मला दिसतंय. तिथून बारामती पन्नासेक किलोमीटर आहे. तरी पन्नासवर नक्की होणारं सिझर, दीडशेच्या अंदाजापेक्षा बरं. पण हे जाहीर करायला तिन्ही मालकांनी एका टेबलावर बसावं लागेल, आणि कुठल्या तरी पुढाऱ्याला आपल्या गावच्या लोकांना "नाही" म्हणावं लागेल.

तुमच्या हातात काय आहे? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते. मंजूर आणि रिक्त पदांचा आकडा वेगळा अर्ज करून मागता येतो. रुग्ण कल्याण समितीत कोण आहे ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि त्यांना भेटा. घरात कुणी गरोदर असेल तर सातव्या महिन्यातच दवाखान्यात जाऊन या. तिथं "डॉक्टर असतात का?" असं विचारू नका, हो म्हणतील. "रात्री सिझरला भूल कोण देतं, आणि ते नसले तर तुम्ही कुठं पाठवता?" असं विचारा, आणि नाव-नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.