पृथ्वीच्या पोटातलं लोखंड

या पानावर ‘लोह’ हा शब्द दिसला, की पुढे पालक, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई येणार हे तुम्ही ओळखलंच असेल. पण मैत्रिणींनो, आज आपल्या अंगातल्या नव्हे, तर पृथ्वीच्या अंगातल्या लोहाबद्दल बोलायचंय. त्याला कारण झाली जित्याची माझी मामी.

जिते हे पेण तालुक्यातलं गाव. पनवेलहून रोह्याकडे जाणारी पॅसेंजर आपटा सोडते, मग जिते, पुढे हमरापूर आणि मग पेण. हमरापूर-पेणचे गणपती सगळ्यांना ठाऊक, जिते मात्र खिडकीतून बघता बघता मागे पडणारं. तिथे मामीच्या ओटीवर बसले होते. मामी भिजवलेले वाल सोलत होती आणि तिची सातवीतली नात मोठ्यानं भूगोल वाचत होती. पृथ्वीच्या मध्यभागी लोखंड आणि निकेल यांचा गाभा असतो, वगैरे. मामी वाल सोलता सोलताच म्हणाली, “असेल गो बाय. पण ते तिथं खाली, आपण इथं वर. आपल्याला त्याचा उपयोग काय?”

नातीच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे या प्रश्नाचा अभ्यास जित्याच्या दोन्ही बाजूंना चालतो. गाडीनं उलट पनवेलला गेलात, तर नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. आणि पेणहून एसटीनं अलिबागला गेलात, तर समुद्राजवळ याच संस्थेची चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ सालापासूनची. आपण अलिबागला जातो ते किल्ला बघायला आणि भेळ खायला. या वेधशाळेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आधी खालचं लोखंड समजून घेऊ. हापूस आंबा डोळ्यांसमोर आणा. साल म्हणजे आपण राहतो ते कवच. गर म्हणजे प्रावरण, जवळजवळ २,९०० किलोमीटर जाडीचं. आणि बाठा म्हणजे गाभा. आंब्याचा बाठा जसा चांगला ऐसपैस असतो, तसाच हाही. गाभ्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त. फक्त एक गोष्ट आंब्याच्या उलट आहे. आंब्याच्या बाठ्याचं बाहेरचं कवच टणक असतं. पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा भाग मात्र वितळलेल्या लोखंडाचा, अगदी पातळ, आणि त्याच्या आत सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घट्ट गोळा. तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाइतकं. मग तो गोळा वितळत कसा नाही? तर वरचा दाब इतका प्रचंड आहे, की त्या उष्णतेतही लोखंड थिजलेलंच राहतं.

आजवर माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक सव्वाबारा किलोमीटरचं आहे. म्हणजे आंब्याची सालसुद्धा पुरती सोलून झालेली नाही. मग बाठ्याच्या आतलं कळलं कसं? भूकंपांमुळे. भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात, आणि कुठे किती उशिरा पोचल्या यावरून वाटेत काय लागलं ते ताडता येतं. कलिंगडावर टिचकी मारून आपण आतला अंदाज घेतो, तसंच काहीसं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा बारकाईनं अभ्यास केला, आणि १९०६ मध्ये भूकंपनोंदींवरूनच पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं दाखवून दिलं. तो गाभा द्रव आहे हे १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी मांडलं.

आणि त्या द्रवाच्या आत पुन्हा एक घट्ट गोळा आहे, हे ओळखलं एका बाईनं. डेन्मार्कच्या इंगे लेहमान. जन्म १८८८ चा. १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच्या काही लाटा जिथे पोचायलाच नको होत्या, तिथल्या यंत्रांवर हलकेच उमटलेल्या त्यांनी पाहिल्या. बाकीच्यांनी हे असंच काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. लेहमानबाईंनी सोडलं नाही. कॉम्प्युटर नव्हताच. जगभरच्या नोंदी त्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत, आणि ती कार्डं ओट्सच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवत. आपण डाळींचे डबे लावतो तशी! १९३६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. त्या १०४ वर्षं जगल्या. शाळेच्या पुस्तकात गाभ्याची आकृती असते, तिच्याखाली हे नाव छापायला काय हरकत आहे, असं मला नेहमी वाटतं.

आता मामीचा प्रश्न. उपयोग काय?

चुलीवर वरण रटरटतं, तेव्हा खालचं गरम वर येतं, वरचं निवलेलं खाली जातं. बाहेरच्या गाभ्यातलं पातळ लोखंड असंच सतत घुसळत असतं. आतला गोळा अगदी सावकाश, वर्षाला मिलिमीटरभर, थिजत थिजत मोठा होतो. थिजताना उष्णता सोडतो आणि हलकी द्रव्यं वर ढकलतो. त्या जोरावर घुसळण चालू राहते. त्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून या प्रवाहांना पीळ पडतो. लोखंडातून वीज वाहते हे आपल्याला ठाऊकच आहे. वीज वाहून नेणारा पदार्थ चुंबकाच्या सान्निध्यात फिरला, की त्यात वीज तयार होते, आणि विजेमुळे पुन्हा चुंबकत्व. पूर्वी सायकलच्या चाकाला डायनामो लावायचे, आठवतो? चाक फिरेल तोवर दिवा. पृथ्वीच्या पोटात तसलाच एक डायनामो आहे आणि तो निदान तीन अब्ज वर्षं फिरतो आहे.

त्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या बाहेर हजारो किलोमीटर पसरलेलं असतं. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा अखंड येत असतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगानं. हे क्षेत्र त्याला बाजूनं वळवतं. पावसाळ्यात घराच्या वाऱ्याकडच्या बाजूला आपण झडपा बांधतो ना, तशी ही पृथ्वीची झडप.

झडप नसेल तर काय होतं, ते मंगळावर दिसतं. मंगळाच्या जुन्या खडकांत चुंबकत्व गोठलेलं सापडतं, म्हणजे कधीकाळी त्याच्याही पोटात डायनामो होता. तो सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी बंद पडला. गाभा अजून बराचसा पातळ आहे, हे २०१८ मध्ये तिथे उतरलेल्या ‘इनसाइट’ यानानं दाखवलं, पण नुसता पातळ असून भागत नाही, घुसळायला हवा. सप्टेंबर २०१४ मध्ये आपलं मंगळयान पोचलं, त्याच आठवड्यात अमेरिकेचं ‘मॅवेन’ही तिथे पोचलं. मंगळाची हवा सूर्यवारा आजही ओरबाडून नेतो आहे, हे मॅवेननं मोजून दाखवलं. तिथे एके काळी वाहणाऱ्या पाण्याच्या खुणा आहेत. आता पातळ हवा आणि थंड वाळवंट.

तरी एक सांगायला हवं. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही आणि तरी त्याच्याकडे भरपूर जाड वातावरण आहे. तेव्हा गाभा थांबला की हवा लगेच उडाली, असं सरसकट गणित नाही. ग्रहाचं वजन, सूर्यापासूनचं अंतर, ज्वालामुखी, सगळंच मोजावं लागतं. शास्त्रज्ञांचा यावर वाद चालू आहे. पण आपल्याकडे समुद्र, हवा आणि झडप तिन्ही टिकलं आणि त्यात आपण जन्मलो, एवढं खरं.

ही झडप रोज थोडी थोडी हलते. ते हलणं मोजायचं काम मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून सुरू झालं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक झगझगीत ज्वाळा दिसली. साडेसतरा तासांनी तिचा तडाखा पृथ्वीवर आला. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. इंग्लंडमधल्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटायची, पण ती रेघच कागदाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणूस डोळ्यांनी बघून आकडा लिहीत होता. त्याची नोंद पुरी राहिली. चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. आपल्याकडचं क्षितिजसमांतर बल साधारण ३८ हजार आहे, म्हणजे शंभरातले चार गेले म्हणा. ऐकायला थोडं वाटतं, पण मार्च १९८९ मध्ये याहून बऱ्याच लहान वादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती.

कुलाब्याच्या त्या वह्या कपाटात राहिल्या. २००३ मध्ये भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या आकड्यांवर निबंध लिहिला. सूर्याच्या अशा वादळात उपग्रह, विजेच्या तारा, विमानांची संपर्कयंत्रणा यांचं काय होईल, याचा हिशेब करताना जगभरचे लोक आज कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे बघतात. ज्या कारकुनानं ते आकडे लिहिले, त्याला आपण काय लिहितोय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

अलिबागला वेधशाळा का गेली, तर मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या म्हणून. विजेच्या ट्रामचा प्रवाह जमिनीत शिरला, की नाजूक चुंबक थरथरायला लागतात. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी शांत जागा शोधली ती अलिबागची. त्यांची दूरदृष्टी अशी, की १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मोजण्या चालू ठेवल्या. नव्या वहीचे आकडे जुन्या वहीशी नीट जुळावेत म्हणून. नाही तर १८४१ पासूनचा धागा तिथेच तुटला असता. ट्राम १९०७ मध्ये धावली.

तिथली इमारत बांधताना आपल्या रायगडचा काळा दगड चालला नाही. पोरबंदरचा दगड आणावा लागला. कारण आपला काळा दगड स्वतःच थोडा चुंबक असतो! सहासष्ट-एक दशलक्ष वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यात लोहखनिजाचे कण होते. लाव्हा निवताना त्या कणांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली, आणि ती तशीच गोठली. त्यावरून दोन गोष्टी कळल्या. आपली ही भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आणि सह्याद्रीचे खालचे बरेच थर निवले तेव्हा होकायंत्र असतं, तर त्याची सुई दक्षिणेकडे वळली असती. तुमच्या घरचा काळा पाटा-वरवंटा याच दगडाचा. मिक्सर आल्यावर तो मोरीत कपडे धुवायला गेला असेल, पण त्याच्या पोटात ही खूण अजून आहे.

म्हणूनच ‘ध्रुव उलटणार, जगबुडी येणार’ असला मजकूर मोबाइलवर आला तर घाबरू नका. ध्रुव आजवर शेकडो वेळा उलटलेत, शेवटचे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. त्याला शतकं नव्हे, हजारो वर्षं लागतात, आणि जीवसृष्टी टिकून राहिली. काळजी करायचीच तर एखाद्या मोठ्या सौरवादळात दोन-चार दिवस वीज आणि नेट गेलं तर काय, याची करावी. १० आणि ११ मे २०२४ ला तसलं एक वादळ आलं, तेव्हा लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल उजेड दिसला होता.

उत्तरेला डोकं करून झोपू नये, हे तर आपण आईकडून ऐकलंय. अलीकडे त्याला ‘पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे’ अशी शास्त्रीय झालर लावतात. मृताचं डोकं उत्तरेकडे ठेवतात म्हणून पाळायचं तर जरूर पाळा, त्यात भावना आहे. पण फ्रिजवर चिकटवलेलं चुंबकाचं फळ पृथ्वीपेक्षा शंभरेक पट जोरदार असतं. ते रोज हाताळून आपल्याला काही होत नाही, आणि हजार रुपयांच्या चुंबकी बांगडीनं गुडघाही बरा होत नाही.

अलिबागला आज यंत्रं आपोआप नोंद करतात. पण यंत्र सरकतं, चुकतं, म्हणून अधूनमधून माणसानं दुर्बिणीला डोळा लावून मोजायचं हे अजून सुटलेलं नाही. मोजायला जाताना अंगावर लोखंड नको. सोन्याचं मंगळसूत्र चालतं, चांदीची जोडवी चालतात, काचेच्या बांगड्या तर चालतातच. मोबाइल, किल्ल्या, केसांतले आकडे आणि पदराची सेफ्टी पिन मात्र बाहेर ठेवून जायचं.