आजोबांची फुली

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली बांबूच्या कामट्यांची मोळी येऊन पडे. पाठोपाठ पतंगी कागद, दोऱ्याची रिळं आणि कुणाच्या तरी घरून खळीचं पातेलं. मग तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खाली उतरत. आमच्या रविवारच्या बालमंडळातल्या सगळ्या मुलांचे ते आजोबाच. कंदील कसा करायचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते करत, मुलं बघत.

२०१६ च्या उन्हाळ्यात आजोबा गेले. त्या दिवाळीत आम्ही मोठ्या उत्साहानं सांगाडा बांधला आणि तो हातातच पिळवटून बसला. पुन्हा बांधला, पुन्हा बसला. ‘आजोबा काहीतरी वेगळं करायचे,’ एवढंच प्रत्येकाला आठवत होतं. काय, ते कुणालाच नाही. अखेर प्लॅस्टिकचा तयार कंदील आणून टांगला. त्या रात्री मला आमचीच लाज वाटली. इतकी वर्षं माणूस शेजारी बसून शिकवत होता आणि आम्ही कागदाच्या चिठोऱ्यावरसुद्धा काही टिपून ठेवलं नव्हतं!

दिवाळीनंतर माळ्यावर त्यांच्या हातचा एक जुना कंदील सापडला. कागद हलकेच सोलला, तेव्हा गुपित उघडं पडलं. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या, त्यांचे सहा चौकोन, आणि ते चौकोन बारा ठिकाणी कोपऱ्याला कोपरा लावून बांधलेले. मधल्या फटींमध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. इथवर आमचंही बरोबर होतं. पण त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र दाबला की तिरका होतो. म्हणून आजोबांनी प्रत्येक चौकोनात दोरा ताणून फुली बांधली होती. वरच्या फुलीला दिव्याची वायर. कागद चिकटवला की बाकीच्या फुल्या दिसेनाशा!

त्याच दिवशी पहिलं कार्ड लिहिलं.

आज मंडळाच्या बुटाच्या खोक्यात साठेक कार्डं आहेत. आठ इंच बाय पाच इंचांची, जाड पुठ्ठ्याची. मागच्या बाजूला आठ मुलांना लागणारं सामान आणि वेळ. पुढच्या बाजूला क्रमवार चित्रं, प्रत्येकाखाली एकच वाक्य. कोपऱ्यात हिरवा ठिपका असेल तर लहानांनी एकट्यानं करावं, लाल असेल तर ब्लेड किंवा सुरी आहे, मोठं कुणी जवळ हवं. पूर्वी आम्ही कागदकाम, मातीकाम, बांबूकाम असे कप्पे केले होते. ते मोडले. ताईला रविवारी सकाळी पडणारा प्रश्न ‘आज काय करू?’ असा नसतो. ‘तासाभरात काय होईल?’ असा असतो. म्हणून आता कप्पे अर्ध्या तासाचे, तासाचे आणि दोन रविवारांचे.

चित्रांची अक्कल मात्र आमची नव्हे. जपानच्या अकिरा योशिझावा यांनी ओरिगामीच्या घड्या दाखवण्यासाठी तुटक रेघा आणि बाण यांची पद्धत बसवली. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकातून ती लोकांसमोर आली आणि पुढे जगभर रुळली. जपानीचं एक अक्षर न येणाराही त्या रेघांवरून घडी घालू शकतो. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती मुलांच्या हातात दिली, तीही साध्या रेखाचित्रांच्या आधारे.

कार्ड पुरं झालं की आमची एक परीक्षा असते. ती वस्तू कधीच न केलेल्या मुलाला कार्ड द्यायचं आणि आपण तोंड मिटून बसायचं. मूल अडलं तर चूक कार्डाची.

कंदिलाच्या कार्डाची परीक्षा शेजारच्या बांधकामावरच्या एका दहा वर्षांच्या मुलानं घेतली. घरी कन्नड बोलणारा, मराठी अक्षरं अजून न जुळणारा. तो मन लावून बसला आणि तासाभरानं त्यानं चक्क चौकोनी खोकं पुढे ठेवलं! मुलं हसली. मी कार्ड पाहिलं. ‘चार चौकोन उभे बांधा’ असं मी लिहिलं होतं आणि चित्रंही तशीच सरळ काढली होती. बाजूचे चौकोन उभे राहतात ते कोपऱ्यावर, शंकरपाळ्यासारखे. मला ते इतकं ठाऊक होतं, की लिहायचंच राहिलं. चित्र बदललं, बाण घातला. पुढच्या रविवारी त्याचा कंदील जिन्यात लागला.

इमारत पुरी झाली तशी ती मंडळी दुसऱ्या गावी निघाली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो दारात उभा. कार्ड हवं होतं. मी नक्कल करू लागले, तर त्यानं पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःच सगळी चित्रं काढली, फुल्यांसकट.

आमच्या प्रत्येक कार्डावर तळाशी एक ओळ असते: ‘कुणाकडून शिकलो’. तिथे ‘आजोबा’ लिहिलेलं होतं. ते काय आहे, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं माझ्याकडून ती तीन अक्षरं पुन्हा पुन्हा पाहून घेतली आणि आपल्या कागदावर सावकाश उतरवली.