ढगात कान फसवतो तेव्हा

२६ जानेवारी २०२० रोजी लॉस एंजेलिसजवळ कॅलाबसस येथे ढगात शिरलेले हेलिकॉप्टर टेकडीवर आदळले. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आणि त्यांची १३ वर्षांची मुलगी जियाना यांच्यासह नऊ जण मृत्युमुखी पडले. ढगांच्या वर जाण्यासाठी आपण चार हजार फुटांवर चढत आहोत, असे वैमानिकाने हवाई नियंत्रकांना कळवले. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि त्याचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला.

असे का होते? आतल्या कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. डोके वळले की हा द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. पण एकाच वेगाने वळत राहिल्यास काही सेकंदांत द्रवही तितक्याच वेगाने फिरू लागतो. मग आपण सरळ जात आहोत, असेच वाटते. एरवी डोळे ही चूक सुधारतात. ढगात मात्र क्षितिजच दिसत नाही.

या वैमानिकाला आठ हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. तरीही कान फसलाच. म्हणून अशा वेळी शरीराला काय वाटते ते न मानता समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायला वैमानिकांना शिकवतात. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ढग दिसताच मागे फिरणे किंवा मोकळ्या जागी उतरणे. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. उड्डाण पूर्ण करण्याचे दडपण वैमानिकाने स्वतःवर घेतले असावे, असेही अहवाल सांगतो. तेव्हा वैमानिक ‘आज नको’ म्हणाला, तर प्रवाशांनी घाई करू नये.